जीजीला वाचून दाखवलेली पुस्तकं

आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एकाने आपण वाचलेलं काहीतरी इतरांना सुचवायचं, असा शिरस्ता आहे. मंडळ म्हणजे एका सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्यांवर बसणारी आम्ही बारा-पंधरा निवृत्त माणसं. गेल्या महिन्यात माझी पाळी होती. "धार्मिक माणसांची चरित्रं आणि आठवणी," असं मी म्हणालो, तेव्हा एक बाई पटकन म्हणाल्या, "सर, तुम्ही आणि देवाधर्माची पुस्तकं?"

सगळे हसले, मीही हसलो. मग तीन पुस्तकांविषयी बोललो, ती कुठे मिळतील ते सांगितलं आणि चहा पिऊन घरी आलो. ती पुस्तकं मी कुणासाठी वाचली, हे मात्र मी तिथे सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही जैन, मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या विंचूरला गेलेल्या. वडिलांचा कांद्याचा व्यापार. घरात मारवाडी, उंबऱ्याबाहेर मराठी. आईला आम्ही 'बाई' म्हणायचो आणि बहिणीला मी 'जीजी'. वाचायची गोडी मला तिनेच लावली. गावच्या वाचनालयातून ती जाडजूड कादंबऱ्या आणायची आणि दुपारी कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसून मला मोठ्याने वाचून दाखवायची. डोळ्यांत पाणी येईल अशी जागा आली की पुस्तक माझ्या मांडीवर टाकायची. म्हणायची, "एवढं पान तू वाच."

ती एकोणीस वर्षांची असताना आमच्या गावात साध्वींचा चातुर्मास झाला. जीजी त्यांच्याकडे जायला लागली. आधी सकाळची, मग सकाळ-संध्याकाळ. कादंबऱ्या थांबल्या. दोन वर्षांनी एका दुपारी, ताटं वाढलेली असताना, ती म्हणाली, "मला दीक्षा घ्यायची आहे."

वडील आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, मग तयार झाले. त्यांना आतून अभिमानच वाटत असावा. बाई तयार होईना. दीक्षेसाठी आईवडिलांची लेखी परवानगी लागते. वडिलांनी सही केलेला कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या डब्याखाली, कितीतरी दिवस पडून होता. बाई त्याच्याकडे न बघता डबा उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. शेवटी जीजीने अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी बाईने ओले हात पदराला पुसले, कागद काढला आणि चुलीसमोर बसूनच सही केली. सही झाल्यावर म्हणाली, "आता तरी जेव."

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. दाराशी उभा राहून सगळं पाहत होतो.

दीक्षेला पंचक्रोशीतून माणसं आली. मांडवात बाईला व्यासपीठावर बसवलं, शाल पांघरली, धन्य ती माता म्हणून जयजयकार झाला. बाई हसत होती. जीजी आत गेली ती केस उतरवून, पांढऱ्या कपड्यांत, तोंडावर पांढरी मुखपट्टी बांधून बाहेर आली. त्या दिवसानंतर मी तिचे ओठ कधी पाहिले नाहीत. ती हसली, हे डोळ्यांच्या कडांवरून ओळखायचं. आमच्यात साध्वीने पुरुषाला स्पर्श करायचा नसतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. त्यामुळे राखीही संपली. नाव बदललं. तिला 'महासतीजी' म्हणायचं, वाकून वंदन करायचं. बाईनेही वाकायचं.

साध्वी एका जागी राहत नाहीत. पायी चालत गावोगाव जातात, फक्त पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी थांबतात. तीन-चार वर्षांतून कधीतरी त्यांचा मेळा आमच्या बाजूने जायचा. अशाच एका खेपेला त्या विंचूरला येणार असल्याचं बाईला दोन दिवस आधी कळलं. तिने पहाटेपासून दाल-बाटीचा घाट घातला. जीजीचा जीव त्याच्यावर. पण साध्वींनी आपल्यासाठी मुद्दाम केलेलं अन्न घ्यायचं नसतं. घरात घरच्यांसाठी जे शिजलं असेल त्यातलंच थोडं घ्यायचं.

जीजी लाकडी पात्र घेऊन दारात आली. सोबत दुसऱ्या एक साध्वी होत्या. बाईने बाट्यांचं ताट पुढे केलं.

जीजीने विचारलं, "हे कुणासाठी केलंय?"

बाईला साधं खोटं बोलता आलं असतं. आम्ही घरात सहा माणसं होतो, कुणाचंही नाव सांगता आलं असतं. पण साध्वीसमोर खोटं बोलायचं नाही, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. ती नुसती ताट धरून उभी राहिली.

जीजीने बाजूला झाकून ठेवलेली ज्वारीची भाकरी पाहिली. "त्यातली अर्धी द्या," म्हणाली. बाईने अर्धी भाकरी पात्रात ठेवली. जीजी "दया पाळा" असा आशीर्वाद देऊन निघून गेली. बाईने त्या बाट्या गल्लीत वाटून टाकल्या. स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही.

बाई गेली त्याला आता वीस वर्षं झाली. मी तेव्हा नाशिकला शाळेत मराठी शिकवत होतो. तिची तब्येत खालावली तसा रजा टाकून विंचूरला जाऊन राहिलो. पावसाळ्याचे दिवस. जीजीचा चातुर्मास त्या वर्षी दूर कर्नाटकात होता. चातुर्मासात साध्वींना जागा सोडता येत नाही. सोडली असती तरी पायी यायला दोन महिने लागले असते. शेवटच्या दुपारी बाईने मला जवळ बोलावलं. शुद्धीत होती, आवाज क्षीण असला तरी स्पष्ट होता.

म्हणाली, "त्या कागदावर मी सही केली ना, ती मनापासून नव्हती. ती उपाशी होती म्हणून केली. तिला सांग, माझी परवानगी मी परत घेतली. तिला घरी आण."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चारच्या सुमारास ती गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिकडच्या एका गृहस्थांना फोन करून निरोप दिला. साध्वी फोन वापरत नाहीत, निरोप असाच दुसऱ्याच्या तोंडून जातो. ते म्हणाले, "महासतीजींना काय सांगू?" मी म्हणालो, "सांगा, शांतपणे गेली. समाधानाने गेली."

पुढची एकोणीस वर्षं ते वाक्य तसंच राहिलं. भेटी झाल्या, पण प्रत्येक भेटीत आजूबाजूला माणसं असायची. आणि खरं सांगायचं तर कुणी नसतं तरी मी बोललो नसतो.

दोन वर्षांपूर्वी जीजी नाशिकला आली ती पुन्हा चालू शकली नाही. साखरेने डोळे गेलेच होते, आता किडन्याही निकामी होत चालल्या होत्या. डायलिसिसला तिने नकार दिला. आजारी साध्वीला एका जागी राहायची मुभा असते. जुन्या नाशकातल्या स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात त्या वास्तूत, तिची सोय झाली. तिच्यासोबत तिच्याहून वडील अशा एक साध्वी होत्या. दोघी चाळीस वर्षं बरोबर चाललेल्या. पुरुषांना तिथे दिवसाउजेडीच जाता येतं. मी निवृत्त झालेलो, पत्नी नोकरी करते, मुलगी परगावी. रोज दुपारी तीनला जायचो आणि दिवस मावळायच्या आत निघायचो.

पहिल्या आठवड्यात बोलायला काही सुचेना. वंदन करायचं, तब्येत विचारायची आणि बसायचं. मग एक दिवस तीच म्हणाली, "श्रावकजी, हल्ली काय वाचता?"

सगळ्याच गृहस्थांना श्रावकजी म्हणतात, मलाही तेच. मी म्हणालो, "आपल्याला चालेल असं काही नाही."

"मग चालेल असं शोधा. मला दिसत नाही. तुम्ही वाचा, मी ऐकते."

वडील साध्वींनी कपाटाकडे बोट केलं. तिथे त्यांच्या गुरुणींचं, म्हणजे ज्यांनी जीजीला दीक्षा दिली त्यांचं, चरित्र होतं. सोनेरी अक्षरांचं, पाचशेच्या वर पानांचं. आठ दिवस ते वाचलं. त्यात त्या जन्मल्या तेव्हा घर उजळलं, बालपणी त्या कधी रडल्या नाहीत, त्यांना कधी थंडी वाजली नाही. नवव्या दिवशी जीजी म्हणाली, "थांबा. मी त्यांच्या पायाला तेल चोळलंय. थंडीत त्यांच्या टाचा फुटून रक्त यायचं. त्या विव्हळायच्या. हे यात का नाही?"

वडील साध्वी माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "लोकांना ते वाचून काय मिळणार?"

"लोकांचेही पाय दुखतात ना," जीजी म्हणाली.

मग मी शोधायला लागलो. मंडळात ज्या पुस्तकांविषयी बोललो, ती अशी हाती आली. पहिलं एका बाईंचं. तीस वर्षं त्यांनी एका मठात स्वयंपाक केला आणि मठाधिपतींच्या आठवणी लिहिल्या. पुस्तक लहानसं, भाषा साधी. स्वामींना पालीची भीती वाटायची, एकादशीच्या आदल्या रात्री ते दोन भाकऱ्या जास्त खायचे, एका भक्ताला रागाने बोलले म्हणून दिवसभर विहिरीशी बसून राहिले. कुठेही थट्टा नाही. वाचताना त्या माणसाविषयी आदर वाढतच जातो. जीजीला ते इतकं आवडलं की पालीचा प्रसंग मला दोनदा वाचायला लागला. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मिळवलेली प्रत, शिवण सुटलेली. ते पुस्तक मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन.

दुसरं एका कीर्तनकाराच्या मुलीने लिहिलेलं वडिलांचं चरित्र. हजारो माणसांना रडवणारा-हसवणारा तो माणूस घरात बायको-मुलांशी दिवसाला चार शब्दही बोलत नसे. मुलगी वडिलांवर चिडलेली आहे आणि तिचं त्यांच्यावर अतोनात प्रेमही आहे, आणि यातलं एकही तिने लपवलेलं नाही. शेवटच्या प्रकरणाला जीजीने एवढंच विचारलं, "हे लिहिलं तेव्हा वडील होते का?" मी म्हणालो, "नव्हते." ती म्हणाली, "तेच. असते तर लिहिता आलं नसतं."

तिसऱ्या पुस्तकाने मात्र सगळं बदललं. आपल्याच जिल्ह्यातल्या, पेठकडच्या डोंगरात वाढलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या त्या आठवणी. भात-नागली करणाऱ्या घरातला मुलगा, बारा-तेराव्या वर्षी मिशनच्या शाळेत गेला आणि पुढे धर्मगुरू झाला. आईच्या म्हातारपणी त्यांनी तिला विचारलं की, मला पाठवताना तुला काय वाटलं होतं? आईने जे उत्तर दिलं ते त्यांनी तसंच लिहिलंय, आणि ते ऐकायला गोड नाही. त्या पानावर मी थांबलो. मी पुढचं वाचायच्या आधी पाणी प्यायलो.

जीजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "भाऊ."

शेहेचाळीस वर्षांत तिने मला तशी हाक मारली नव्हती.

"बाई खरंच समाधानाने गेली का रे?"

वडील साध्वी खोलीतच होत्या. त्यांची माळ थांबली. दुपारचं ऊन जीजीच्या पायांपर्यंत आलं होतं. मी पुस्तक मिटलं. पंधरा दिवस मी तिला सांगत होतो की, ही पुस्तकं चांगली आहेत, कारण यांनी काही झाकलेलं नाही. आता कुठल्या तोंडाने झाकणार होतो?

मी सगळं सांगितलं. सही मनापासून नव्हती, ती उपाशी होती म्हणून केली. परवानगी परत घेतली. घरी आण. बाईच्याच शब्दांत, मारवाडीत सांगितलं.

पांढऱ्या पट्टीमुळे जीजीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला कळलं नाही, आणि डोळे तर आता बघत नव्हतेच. मला तिचा हात धरायचा होता. दोन हातांच्या अंतरावर ती बसली होती आणि मी तो धरू शकत नव्हतो. शेवटी ती म्हणाली, "आज एवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी दारातच निरोप मिळाला की महासतीजी मौनात आहेत. तिसऱ्या दिवशीही तेच. मी गोदाकाठी जाऊन बसलो. मनात एकच चाललं होतं की, मरायला टेकलेल्या जीजीला हे सांगून मी काय मिळवलं? बाईचा निरोप पोचवला, की एकोणीस वर्षं मला टोचणारं काहीतरी तिच्या अंगात रुतवून मोकळा झालो? पत्नी म्हणाली, "तिने विचारलं म्हणून सांगितलंत." ते खरंच होतं, पण त्याने बरं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी आत घेतलं. जीजी अंथरुणाला खिळली होती. मी वंदन करून बसलो.

ती म्हणाली, "मला वाटायचं तिला माझा अभिमान आहे. मांडवात ती हसत होती ना, तेच डोळ्यांपुढे ठेवून मी इतकं चालले. पाय दुखले की तेच आठवायचे."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"नाही. तू उशीर केलास." मग म्हणाली, "तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. आले नसते बहुतेक. पण तिची माफी मागितली असती. आता कुणाची मागू?"

तिने हात जोडले, मला नव्हे, समोर कुठेतरी, आणि क्षमा मागायचे आमच्यातले शब्द म्हणाली. मग मला म्हणाली, "पुढचं वाचा. त्या धर्मगुरूंनी पुढे काय केलं?"

उरलेलं पुस्तक आम्ही पाच दुपारींत संपवलं. त्यानंतर दहा दिवसांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, सकाळच्या वेळी ती गेली. मला फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. तिला पालखीत बसवून नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, जयजयकार चालला होता. ती गेल्यावर मी तिला खांदा देऊ शकलो. जिवंतपणी जे चालत नव्हतं ते आता चालत होतं.

महिनाभराने समाजातल्या दोन ज्येष्ठ मंडळींनी घरी येऊन स्मृतिग्रंथाचं सांगितलं. "बालपण आणि दीक्षा हे प्रकरण तुम्हीच लिहा. तुम्ही मराठीचे मास्तर." मी लिहिलं. कादंबऱ्या, चाळीची सावली, हळदीच्या डब्याखालचा कागद, बाट्यांचं ताट, सगळं. बाईचा शेवटचा निरोपही लिहिला. तीन आठवड्यांनी ते परत आले. भले लोक, अवघडून बसले होते.

"सर, लिहिलंय फार सुंदर. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पण हे छापता येणार नाही. उद्या एखाद्या मुलीला दीक्षा घ्यायची असेल, तिच्या आईच्या हातात हे पुस्तक पडलं तर?"

मी म्हणालो, "पडू द्या ना."

त्यांनी चहा घेतला. जाताना एक जण म्हणाले, "तुमच्या आईचंही नाव खराब होईल हो." त्या एका वाक्यापुढे माझं बळ सरलं. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

ग्रंथ छापून आला. कागद उत्तम, फोटो स्वच्छ. त्यात बाईने आनंदाश्रू ढाळत परवानगी दिली आहे आणि आईच्या निधनाची वार्ता महासतीजींनी समभावाने ऐकली आहे. खाली माझं नाव आहे. मंडळात मी तीन पुस्तकं सुचवली, ते चौथं नाही सुचवलं.

वडील साध्वी आता एकट्या उरल्या होत्या. दुसऱ्या दोन तरुण साध्वी त्यांना न्यायला आल्या आणि यंदाच्या थंडीत त्या गुजरातकडे निघाल्या. निरोप द्यायला माणसं थोडं अंतर बरोबर चालतात. मीही गेलो. सूर्य उगवल्यावर आम्ही निघालो, पेठ रोडने. गावाबाहेर पडेपर्यंत बाकीचे एकेक करून मागे फिरले. ट्रक धुरळा उडवत जात होते. त्या अनवाणी, रस्त्याच्या कडेच्या मातीवरून सावकाश चालत होत्या. मी दोन हात अंतर ठेवून.

बरंच चालल्यावर त्या म्हणाल्या, "श्रावकजी, ते दोन दिवस त्यांचं मौन नव्हतं."

मी थांबलो. त्या चालतच होत्या, म्हणून मी पुन्हा पावलं उचलली.

"त्या रडत होत्या. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी समजावलं, आपण संसार सोडलेला, आपल्याला कुठली आई? तर म्हणाल्या, आज मला समजावू नका, आज माझी आई गेली आहे." त्यांचा आवाज कोरडा होता. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ग्रंथवाल्यांनाही नाही. तुम्हाला सांगायचं की नाही, वर्षभर ठरत नव्हतं."

"का सांगितलंत मग?"

"माझीही आई होती," त्या म्हणाल्या. "मला कुणी काही सांगायलाच आलं नाही."

पुढे चढ सुरू होत होता. त्यांनी हात वर करून मला थांबायची खूण केली, उभ्याउभ्याच मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, म्हटलं, "दया पाळा," म्हणाल्या आणि निघाल्या. तिघींचे पांढरे कपडे वळणापर्यंत दिसत राहिले. मग एक बस आडवी आली, आणि ती गेल्यावर रस्ता मोकळा होता. परतीची रिक्षा मिळायला मला अर्धा तास लागला.